सत्याप्पा मिस्त्रींचा कान

ही गोष्ट सांगायला सत्याप्पा मिस्त्रींनीच मला मोकळीक दिली आहे. "सांगा की बाई, आता काय लपवायचं ऱ्हायलंय?" असं ते म्हणाले, आणि म्हणताना हसत होते. सहा महिन्यांपूर्वी ते असं हसून बोलतील असं मला वाटलं नसतं.

आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, गाडी बेळगावच्या कॅम्पातल्या सगळ्या जुन्या माणसांना माहीत होती. १९५८ सालची मॅग्नेट नावाची विलायती मोटार, काळपट हिरवी, पुढून जरा फुगीर. एक फौजी अधिकारी बदली होऊन जाताना अण्णांना देऊन गेला आणि पुढं पन्नास वर्षं अण्णांनी तिला कुणाच्या हातात दिलं नाही, एक मी सोडून. मी गाडी शिकले ती तिच्यावरच. अण्णा गेले आणि गाडी घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली दोन वर्षं उभी राहिली.

गेल्या दिवाळीनंतर निपाणीहून आक्काचा फोन आला. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, वय ब्याऐंशी. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "जया, अण्णाची गाडी चालू हाय का गं? एकदा घेऊन ये. त्यात बसून मला गावातनं एक फेरी मारायची हाय." एवढंच. पण फोन ठेवल्यावर मी शेडमध्ये जाऊन ताडपत्री काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिरनवाडीला सत्याप्पा मिस्त्रींच्या दारात उभी राहिले.

त्यांच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं नाव सुचण्यासारखं नव्हतंच. या गाडीच्या इंजिनाला एक नाही, दोन कार्बोरेटर आहेत. हवेत पेट्रोल मिसळून ते इंजिनाला पुरवायचं त्यांचं काम. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी लोण्यासारखी चालते. एक ओढतोय आणि दुसरा रेंगाळतोय असं झालं, की एका जोखडाला चांगला बैल आणि मरतुकडा बैल जुंपल्यासारखी गत होते. हे दोघे एका तालात आणायचे तर जुनी रीत अशी: हातभर रबरी नळी घ्यायची, एक टोक कानाला लावायचं, दुसरं एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरायचं, मग दुसऱ्याच्या. आत जाणाऱ्या हवेचा सूं असा आवाज येतो. दोन्हीकडचा सूं सारखा होईपर्यंत स्क्रू फिरवायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण त्या दोन आवाजांतला फरक मला कधी कळला नाही, अण्णांनाही नाही. सत्याप्पांना मात्र डोळे मिटून कळायचा. कोल्हापूरचे जुन्या गाड्यांचे शौकीन लोक त्यांच्यासाठी बेळगावात यायचे आणि म्हणायचे, मिस्त्री नको, मिस्त्रींचा कान पाहिजे.

त्या कानानं त्यांना काय काय दिलं होतं ते मला नंतर कळलं. त्यांचे वडील निपाणीजवळ तंबाखूच्या वखारीत हमाल होते. सत्याप्पा एकोणिसाव्या वर्षी बेळगावात आले आणि कॅम्पातल्या एका फौजी वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागले. काम काय, तर सुटे भाग रॉकेलमध्ये धुणं. कार्बोरेटरच्या खोलीत ते भाग धुऊन द्यायला जात, पण तिथं कामाच्या बाकाशी बसायची मुभा त्यांना नव्हती. काहींना ते हेल्पर म्हणून नको होते, काहींना त्यांच्या जातीमुळं. दोन वर्षं अशीच गेली. एक दिवस एका जीपवर तिघे मिस्त्री सकाळपासून अडले होते. सत्याप्पा बादली घेऊन बाजूनं जाताना न राहवून बोलून गेले, "साहेब, ती हवा बाहेरनं ओढतीया. खालच्या जोडातनं." सगळे हसले. केरळचे एक हवालदार तेवढे हसले नाहीत. त्यांनी जोड खोलून पाहिला, पॅकिंग फाटलेलं निघालं. हवालदारांनी बाकाजवळचा एक स्टूल ओढला आणि म्हणाले, "इधर बैठो." त्या स्टुलावर सत्याप्पा पुढं अडतीस वर्षं बसले आणि तिथूनच निवृत्त झाले. पोरगी समता शिकून धारवाडला प्राध्यापक झाली, पिरनवाडीत स्वतःचं घर झालं, अंगणात पत्र्याची शेड झाली. हे सगळं त्या एका वाक्यातून आलं असं ते मानत.

मी गेले त्या दिवशी त्यांनी आधी नाहीच म्हटलं. "डोळं जरा कमी झाल्यात, बाई. दुसरा कोण तरी बघा." मी अण्णांचं नाव काढलं, आक्काचा फोन सांगितला. ते बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बरं. अण्णांच्या गाडीला न्हाय कसं म्हणू?"

चार दिवस ते आमच्या शेडमध्ये होते. दोन्ही कार्बोरेटर खोलून त्यांनी जुन्या धोतराच्या फडक्यावर ओळीनं भाग मांडले. डावीकडे पुढचा, उजवीकडे मागचा. "ह्याचं त्याला लावलं की संपलं," म्हणाले. हल्लीच्या पेट्रोलनं रबरी सील फुगून गेले होते ते बदलले, आतल्या सुया ब्रासोनं नव्हे तर नुसत्या मऊ कापडानं पुसल्या, कार्बोरेटरचा पिस्टन बोटानं उचलून सोडला की तो टक् करून खाली बसतो का बघितलं. हात इतके सावकाश आणि नेमके, की शिक्षिका असताना मी वर्गातल्या पोरांना हे बघायला आणायला हवं होतं असं वाटलं. पाचव्या दिवशी गाडी सुरू झाली. त्यांनी नळी कानाला लावली, डोळे मिटले, स्क्रू फिरवले, मान हलवली. "झालं, बाई."

निपाणीला जायच्या आधी एक फेरी मारून बघू म्हणून मी एकटीच हायवेनं यमकनमर्डीपर्यंत गेले. जाताना उतार, गाडी छान पळाली. परतताना वंटमुरीचा घाट चढायला लागले आणि अर्ध्यात इंजिन धापा टाकू लागलं. तिसऱ्या गिअरमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात आले, आणि एका वळणावर गाडी दोन गचके देऊन बंदच पडली. मागं ऊस भरलेला ट्रक. मी पायानं ब्रेक दाबून धरला आणि हातानं हँडब्रेक ओढला, पण गाडी वीतभर मागं सरकलीच. सत्तरीला टेकलेली बाई मी, हा पाय किती वेळ टिकणार? तेवढ्यात ट्रकचा ड्रायव्हर उडी मारून धावत आला. "अक्का, ब्रेक बिडब्याडरी! बिडब्याडरी!" असं कानडीत ओरडत त्यानं रस्त्याकडेचे दोन दगड उचलून मागच्या चाकांना लावले. ब्रेक सोडू नका म्हणणारा त्याचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी खाली उतरले आणि त्याच दगडाशेजारी बसून राहिले. पुढं दोर बांधून गाडी घरी आली.

फोनवर मी सत्याप्पांना फार काही बोलले नाही. गाडी घाटात बंद पडली, एवढंच. दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. मागं ट्रक होता हे कळल्यावर तर ते मटकन स्टुलावर बसले. मग उठले, गाडी सुरू करून गरम होऊ दिली, नळी कानाला लावली आणि डोळे मिटले. मी समोर उभी होते. नळीचं दुसरं टोक कार्बोरेटरच्या तोंडावरून घसरलं आणि खाली मडगार्डापाशी लोंबायला लागलं. सत्याप्पा डोळे मिटून ऐकतच होते. स्क्रू थोडा फिरवला. मान हलवली. "हां. आता मिळालं."

मी चौतीस वर्षं शाळेत काढली. मागच्या बाकावरचं एखादं पोर बोर्डाकडे न बघता माझ्या ओठांकडे का बघतं, हे मला कळतं. त्या दिवशी दारात सत्याप्पा माझ्या तोंडाकडे का बघत राहिले होते, ते मला आता समजलं. मी पुढं होऊन चावी फिरवली, गाडी बंद केली. त्यांनी डोळे उघडले. मी लोंबणारं टोक उचलून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी नळीची गुंडाळी करून खिशात घातली.

"किती दिवस झाले?" मी समोर जाऊन, सावकाश विचारलं.

"दीड वरीस," ते म्हणाले. "उजवा कान तापात गेला. डावा हळूहळू चाललाय. माणसं बोल्लेलं कळतंय, समोर असली तर. पर ही सूं... ही न्हाय ऐकू येत, बाई. एक बारका आवाज येत न्हाय. मला वाटलं, चाळीस वर्सांची सवय हाय, हातानंच जमंल." "तुमास्नी काय झालं असतं तर?"

"काही झालं नाही ना," मी म्हटलं. खरं तर घरी आल्यावर आदल्या संध्याकाळी मला त्यांचा फार राग आला होता. तो राग कुठं गेला कुणास ठाऊक.

"कुणाला सांगितलंय?"

"कुणालाच न्हाय. बायकोला, तानीला पण न्हाय. कान गेला म्हंजे परत बादलीच की, बाई."

मी म्हटलं, "सत्याप्पा, तानीबाईंना माहीत नाही असं तुम्हाला वाटतंय. आज घरी जाऊन सांगा. गाडीचं आपण मग बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला रिक्षातून दोघं उतरली. तानीबाईंना मी त्याआधी एकदोनदाच पाहिलं होतं. बारीक अंगाच्या, कपाळ मोकळं, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा. लग्नाआधी निपाणीत आईबरोबर विड्या वळायच्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, "बाई, ह्येंनी काल मला मोठ्ठं गुपित सांगितलं! वरीसभर मी घसा फोडून बोलतीया, शेजारीण इचारती, रोज भांडता का गं तुम्ही. टीव्ही तर पार कंग्राळीपतोर ऐकू जाईल एवढा लावत्यात. आणि ह्येंना वाटतंय मला ठावं न्हाय!"

"मग बोललीस का न्हाईस?" सत्याप्पा म्हणाले.

"तुम्ही लपवत हुता. मी का उघडं पाडू?" असं म्हणून त्यांनी पदर खोचला. "द्या ती नळी हिकडं. माझं कान चांगलं हाईत."

सत्याप्पांनी माझ्याकडे बघितलं, मग तानीबाईंकडे. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांची बायको कधी इंजिनाच्या इतक्या जवळ उभी राहिली नव्हती. पण त्यांनी खिशातली नळी काढून दिली.

गाडी सुरू केली. तानीबाईंनी पुढच्या कार्बोरेटरला टोक लावलं, मग मागच्याला, मग परत पुढच्याला. पोळी करपत नाही ना बघावं तसं तोंड करून ऐकलं. मग नवऱ्याच्या समोर येऊन म्हणाल्या, "ह्यो पुढचा भरात आलेल्या स्टोव्हगत वाजतोय. मागच्याची हवा संपत आलीया."

सत्याप्पांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "बरोबर! तसंच असतंय!" त्यांनी खुणा ठरवल्या. कमी असेल तर तळहात वर, जास्त असेल तर खाली, सारखं झालं की मूठ. दोन्ही कार्बोरेटरना जोडणाऱ्या दांडीचे नट त्यांनी सैल केले आणि मागचा स्क्रू केसभर फिरवला. तळहात वर. अजून केसभर. वर. अजून. तळहात खाली. अर्ध्या तासात मूठ मिटली. त्यांनी नट आवळले, तानीबाईंनी पुन्हा ऐकून मूठ दाखवली.

मला वाटलं, संपलं. पण तानीबाईंनी नळी काढली नव्हती. इंजिन आता चांगलं तापलं होतं. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"ही तिसरी कोण शिट्टी वाजवतीया?"

सत्याप्पांना कळलं नाही. तानीबाईंनी समोर येऊन परत सांगितलं, ओठ गोल करून बारीक शिट्टीचा आवाज करून दाखवला. तो त्यांना ऐकू आला नसणार, पण ओठ दिसले. ते एकदम सावध झाले. "कुठं? नळी फिरव. सावकाश. जिथं मोठी हुईल तिथं थांब."

नळीचं टोक पुढून मागं सरकत गेलं आणि मागचा कार्बोरेटर जिथं इंजिनाला जोडलाय त्या सांध्यापाशी थांबलं. सत्याप्पांनी तेलाच्या डबीतून तिथं चार थेंब सोडले आणि तळहात मडगार्डावर ठेवला. इंजिनाची धडधड क्षणभर बदलली. "शिट्टी बंद!" तानीबाई ओरडल्या. "आता परत चालू."

गाडी बंद करून इंजिन थंड व्हायची वाट बघत आम्ही तिघंही चहा प्यायलो. मग त्यांनी मागचा कार्बोरेटर उतरवला. सांध्यात एक जाड काळी चकती असते. इंजिनाची धग कार्बोरेटरला लागू नये म्हणून. ती त्यांनी जुनीच परत बसवली होती, दिसायला धडधाकट होती म्हणून. आता दोन्ही हातांनी किंचित वाकवली तेव्हा तिच्यात केसाएवढी चीर उघडली. गार असताना चीर मिटलेली, तापली की उघडी. घाटात इंजिन तापलं, चिरेतून फुकटची हवा आत शिरली, पेट्रोल कमी पडलं आणि गाडीचा दम गेला.

सत्याप्पांनी ती चकती बराच वेळ उजेडाकडे धरली. "बाई, तालात नव्हतं ही माझी चूक. पर गाडी बंद पडली ती हिच्यापायी." एक मोठा श्वास सोडून ते खाली बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. त्यांचे खांदे कसे खाली आले ते मला दिसलं. दीड वर्ष ते खांदे वर धरलेले होते, हे तेव्हा लक्षात आलं.

नवी चकती कोल्हापुरातून आली. बसवल्यावर पुन्हा तापवून, पुन्हा नळी, पुन्हा मूठ. शिट्टी नव्हती. शेवटी हवा-पेट्रोलचं मिश्रण किती जाड-पातळ हे बघायचं होतं. त्यासाठी पिस्टन बारीक स्क्रूड्रायव्हरनं किंचित उचलायचा आणि इंजिन काय म्हणतंय ते बघायचं. वेगात चढून तसंच राहिलं तर पेट्रोल जास्त, मरायला लागलं तर कमी, जरासं चढून परत जागेवर आलं तर बरोबर. हे सत्याप्पांनी एकट्यानं केलं, डावा तळहात इंजिनावर ठेवून. "ह्ये मला हाताला कळतंय," ते म्हणाले, आणि तानीबाईंना बाजूला व्हायला सांगितलं. त्याही गुमान बाजूला झाल्या.

समता पुढच्या आठवड्यात आली आणि वडिलांना कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डाव्या कानाला मशीन बसलं. माणसांचं बोलणं आता पाठीमागूनही कळतं. पण तो बारीक सूं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. सत्याप्पा मला म्हणाले, "मला वाटलं हुतं, ह्ये ऐकलं की रडू येईल. पर बरं वाटलं बघा. आता आशा धरून बसायला नको. त्या कामाला तानी हाय."

जानेवारीतल्या एका रविवारी आम्ही निपाणीला गेलो. मी गाडी चालवत होते, शेजारी तानीबाई, मागं सत्याप्पा. आक्का दारात खुर्ची टाकून बसलीच होती. तिला गाडीत बसवून गावातून दोन फेऱ्या मारल्या. तानीबाईंनी वाटेत विड्यांचा जुना कारखाना दाखवला, आता तिथं दुकानं आहेत. आक्कानं काचेतून सगळ्यांना हात केला, ओळखीच्यांना आणि अनोळखींनाही. परत आल्यावर उतरायलाच तयार होईना. मग सगळ्यांनी गाडीतच बसून पेढे खाल्ले.

परतीला तवंदीचा चढ. मी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, पाय क्लचजवळ. वंटमुरीचे ते दगड डोळ्यासमोर होते. गाडी चढाला लागली, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखी, कुठं गचका नाही, धाप नाही. अर्धा घाट गेला. मी विचारलं, "मिस्त्री, ठीक चाललंय ना?"

मी आरशात बघितलं. सत्याप्पा मान मागं टाकून, तोंड किंचित उघडं ठेवून गाढ झोपले होते. कानातलं मशीन काढून त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवलं होतं.

"झोपू द्या त्यांना," तानीबाई हळूच म्हणाल्या. "आजवर चालत्या गाडीत डोळं मिटलेलं मी त्यांना बघितलं न्हाय. सारखं इंजिन ऐकत बसायचं."

मग त्या स्वतःच जरा पुढं वाकून ऐकू लागल्या. घाटमाथा आला, वारा काचेतून आत आला, आणि मी तिसरा गिअर टाकला.